बालगीतकारांची पंगत

गेल्या महिन्यात रंकाळ्याच्या काठी फिरत असता एका विद्वान स्नेह्यांची गाठ पडली. कुशलप्रश्न झाल्यावर त्यांनी विचारले, “काय हो प्रोफेसर, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमच्या माडीवर म्हणे चिऊकाऊची गाणी चालतात! वय काय, पेशा काय, आणि हा उद्योग काय?” एवढे बोलून ते हसले. हसणे सौजन्याचे होते, त्यात विष मुळीच नव्हते. आणि म्हणूनच ते आमच्या मनातून जाईना. शत्रूच्या उपहासास उत्तर देण्याचे कारण नसते. परंतु सज्जन, वाचलेला, रसिक म्हणून मान्यता पावलेला मनुष्य जेव्हा एखाद्या गोष्टीस सहजगत्या हसतो, तेव्हा त्या हसण्यात साऱ्या समाजाचे मत उमटलेले असते. प्रस्तुत लेख हा त्या हसण्यास दिलेला जबाब आहे.

आधी हा उद्योग काय तो वाचकांस सांगितला पाहिजे. आम्ही सात-आठ मंडळी महिन्यातून एकदा जमतो. त्यांत नगरपालिकेच्या शाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले, पेटीवर उत्तम हात असलेले एक गुरुजी आहेत. कागलकडच्या एक बालवाडीच्या बाई आहेत. एक तबलजी आहेत. लग्नकार्यातील वाद्यवृंदावर पोट भरणारा एक तरुण चाली बांधणारा आहे. आणि आमच्यासारखे दोघेतिघे पद्य जुळविणारे आहेत. प्रत्येकाने लहान मुलांसाठी काही केले असेल ते आणावयाचे, दुसऱ्यांनी ते गाऊन पाहावयाचे, आणि मग चहापोह्यांबरोबर त्याची चिरफाड करावयाची, असा हा सरळ कार्यक्रम. सभा नाही, अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत. या बैठकीत आम्हांस जो आनंद होतो, तसा गेल्या तीस वर्षांत कोणत्याही परिसंवादात झालेला नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करून टाकतो.

आमच्या स्नेह्यांचे आक्षेप त्यांच्या हसण्यातून वेगळे काढले तर ते तीन निघतात. बालगीत करणे सोपे, तेव्हा त्यासाठी जमण्याची गरज काय, हा पहिला. मुलांना संगीताची गोडी लावावयाची तर स्पर्धा व बक्षिसे हवीत, ही वडीलधाऱ्यांची करमणूक कशास, हा दुसरा. आणि फोनवर बोट ठेवताच हजारो गाणी पुढ्यात येत असता नवी भर कोणासाठी, हा तिसरा. तिन्ही आक्षेप वजनदार दिसतात. त्यांचे वजन खरोखर किती, ते पाहू.

पहिला आक्षेप घेणाऱ्याने एकदा तरी बालगीत करून पाहावे, एवढेच खरे तर त्यास उत्तर पुरेसे आहे. आमचाच अनुभव सांगतो. पहिल्या पावसावर आम्ही एक गीत रचले होते. ते एका दिवाळी अंकात छापून आले, दोघा टीकाकारांनी त्यातील प्रतिमांची वाखाणणी केली, आणि दोन वर्षांत एकाही मुलाने ते म्हटले नाही. बैठकीत आमच्या तरुण संगीतकाराने त्यास चाल लावून आणली. चाल गोड होती. बालवाडीच्या बाईंनी ती एकदा ऐकली, दुसऱ्यांदा स्वतः म्हटली आणि मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “सर, हितं पोराचा दम पुरायचा नाही. ते शब्दाच्या मधी श्वास घेणार, आन् शब्द मोडणार.” आमच्या दुसऱ्या ओळीत पाच जोडाक्षरे एकापुढे एक बसली होती, तिच्यावर आम्हांस विशेष गर्व होता. संगीतकाराचीही तीच गत झाली. त्याने तार षड्जाला जाऊन एक सुंदर तान ठेवली होती. गुरुजींनी पेटीवर पाच-सहा स्वरांएवढी जागा बोटांनी दाखविली व म्हणाले, “चार-पाच वर्षांच्या पोराचं घर एवढंच. याच्या बाहेर गेलं की ते गात नाही, ओरडतं.”

मुलाचा कंठ म्हणजे मोठ्या माणसाच्या कंठाची लहान प्रत, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. त्याच्या स्वरतंतूंची लांबी कमी, म्हणून त्याचा मूळ स्वर उंच. परंतु त्याच्या सहज आवाक्यातील स्वर थोडे आणि छातीत मावणारा श्वास त्याहून थोडा. पुरुष शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत गाऊ लागला की मुलांस खाली उतरता येत नाही. वाद्यवृंदाच्या पट्टीत गावे तर त्यांस वर चढता येत नाही. मग ती बेसूर होतात, आणि आपण म्हणतो, यांना गळा नाही! इतक्या लहान अंगणात, इतक्या थोड्या श्वासात, कान वेधून घेईल आणि शंभरदा म्हटले तरी शिळे होणार नाही असे काही उभे करणे, हे सोपे काम आहे काय? १८९९ साली ऐन तारुण्यात निवर्तलेल्या कवी दत्तांचे स्मरण आज मुख्यतः एका अंगाईगीताने राहिले आहे. अंगाई सोपी असती, तर त्या काळच्या शेकडो पद्यकारांची नावेही अशीच राहिली असती.

आमचे ते पाऊसगीत त्या दुपारी पाच वेळा मोडले आणि पाच वेळा बांधले. शेवटी सहा स्वर उरले, ओळी निम्म्या झाल्या, आमची लाडकी प्रतिमा गेली; आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून ते गायिले तेव्हा जिन्यात खेळणारी शेजारची मुले वर येऊन आपोआप ठेका धरू लागली. आपली चूक स्वतःच्या नजरेस आली की मनुष्य खजील होतो, समीक्षकाने दाखविली की चिडतो; परंतु त्याच कामात हात मळलेल्या सोबत्याने ती दाखविली आणि तेथल्या तेथे हात लावून दुरुस्त केली, की त्याला हसू येते. या हसण्यासाठी आम्ही जमतो. हा आनंद टाळ्यांच्या आनंदाहून निराळा आहे.

आणि हे कोल्हापुरात समजावून सांगावे लागावे, याचे आम्हांस नवल वाटते. या गावात कोणी पैलवान घरात एकटा जोर मारून मोठा झाला आहे काय? त्याला तालीम लागते, वस्ताद लागतो, आणि सर्वांत अधिक म्हणजे जोड लागते. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारले, परंतु मैदानापूर्वी पेठापेठांत तालमी होत्या म्हणून ते मैदान गाजले. संगीताचेही तसेच. ज्या गावात १८८३ पासून गायन समाज देवल क्लब चालत आला, ज्या गावाच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई राहिला, त्या गावास मोठ्यांच्या गाण्यासाठी बैठक हवी हे कोणी शिकवावे लागले नाही. गवयाने गवयाचे ऐकावे, दाद द्यावी, मनात नोंद करावी आणि घरी जाऊन रियाज वाढवावा, ही येथली रीत. मग मुलांचे गाणे करणाऱ्यानेच तेवढे पंगतीबाहेर एकट्याने का जेवावे?

याच मुलखातील कुरुंदवाडास १८७२ साली जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. भर मैफलीत श्रोत्यांस जिंकणाऱ्या त्या गवयाने मुलांसाठी संगीताची क्रमिक पुस्तके लिहिण्यात कमीपणा मानला नाही. दूर हंगेरीत झोल्तान कोदाय या थोर संगीतकाराने हेच केले. बेला बार्तोकसह खेडोपाडी हिंडून त्याने लोकगीते गोळा केली. मोठमोठ्या रचनांनी कीर्ती मिळाल्यावर तो मुलांच्या वृंदगायनासाठी लिहू लागला, आणि १९२९ साली शाळांतून मुलांच्या कानी पडणाऱ्या निकृष्ट संगीतावर त्याने कडाडून लेख लिहिला. पुढे १९५० मध्ये केच्केमेत येथे रोज गाणे शिकविणारी प्राथमिक शाळा निघाली. तिच्या पद्धतीत मुलास प्रथम दोनच स्वर देतात. आपल्या भाषेत ते पंचम आणि शुद्ध गंधार. त्यातून वाढत वाढत पाच स्वर होतात, आणि ते पाच स्वर म्हणजे आपल्या भूपाचे स्वर. आपल्याकडेही नवशिक्याच्या हाती बहुधा पहिला राग भूपच देतात. जे शहाणपण दोन खंडांत दोन वाटांनी एकाच मुक्कामी आले, त्यास पोरखेळ म्हणून हसणे हे रसिकतेचे लक्षण खास नव्हे.

आता दुसरा आक्षेप, स्पर्धांचा. स्पर्धेचे गुण आम्ही नाकारीत नाही. ती होतकरू गळ्यास प्रकाशात आणते. परंतु दूरचित्रवाणीवर आठ वर्षांची पोर प्रौढ शृंगाराचे गीत प्रौढ हावभावांसह म्हणते, परीक्षक डोळे पुसतात आणि आईबाप धन्य होतात, हे दृश्य बालसंगीताचे म्हणता येईल काय? ते मोठ्यांचेच संगीत आहे; फक्त त्याचे ओझे लहान खांद्यावर दिलेले आहे. आणि वर्गाकडे पाहावे तर चाळीस मुलांतील एक मूल निवडले जाते, उरलेल्या एकोणचाळीस मुलांस स्पर्धा काय शिकविते? ‘तुला येत नाही, तू ऐक’, एवढेच. हा धडा ती जन्मभर विसरत नाहीत. आपल्या सुशिक्षित घरांतून ‘आम्हांला गाण्यातलं काही कळत नाही’ असे अभिमानाने सांगणारे जे हजारो प्रौढ दिसतात, ते त्याच एकोणचाळिसांपैकी होत.

याच्या उलट आमच्या लहानपणाचा हादगा आठवावा. हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्ती काढावयाचा, भोवती मुलींनी फेर धरावयाचा. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे रोज एक गाणे आणि एक खिरापत वाढत जावयाची. तेथे चढाओढ असे ती खिरापत ओळखण्याची. गाण्यात हरजीत नसे. जिला सारे येई ती सारे म्हणे, जिला केवळ पालुपद येई ती पालुपद म्हणे, आणि जी नुकती चालू लागलेली असे ती परकराचा सोगा धरून फेरात फिरे. ती गाणी कोणी केली हे कोणास ठाऊक नाही. फेर धरता धरता ती घडली. बालसंगीतकारांचा मेळा म्हणतात तो हाच. त्याचे आम्हांस आंधळे कौतुक नाही. त्या फेरात आम्हां मुलग्यांस प्रवेश नव्हता, आणि गल्लीतील साऱ्याच जातींच्या मुली एका पाटाभोवती येत असत असेही नाही. परंतु तो दोष फेर अपुरा असल्याचा होता; तो वाढविणे हा त्यावर उपाय होता, मोडून टाकणे नव्हे. आम्ही मात्र तो मोडला आणि त्याच्या जागी ध्वनिक्षेपक आणून ठेवला.

ध्वनिक्षेपक म्हणताना आम्ही अलंकार योजीत नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनास आम्हांस पाहुणे म्हणून बोलाविले होते. तीन तास कार्यक्रम झाला. चित्रपटांची गाणी कर्ण्यांतून गर्जत होती, मुले झगझगीत कपड्यांत नाचत होती, काही नुसतेच ओठ हलवीत होती. त्या तीन तासांत एकाही मुलाचा स्वतःचा आवाज आमच्या कानी आला नाही. शेवटी आम्ही मुख्याध्यापिकांस त्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “पालकांना हेच आवडतं. आणि सर, दुसरी गाणी आहेत कुठं? तुम्ही साहित्यिक मंडळी आम्हांला आणून देता का?” आम्ही पाहुण्यांचा नारळ हातात घेऊन निरुत्तर उभे राहिलो. वीस-बावीस वर्षे आम्ही वर्गात इंग्रजी कवींनी गायिलेल्या बाल्याच्या निरागसतेवर व्याख्याने दिली होती. आमच्या गल्लीतली मुले काय गातात, हे एकदाही खिडकी उघडून ऐकले नव्हते. आमच्या माडीवरील बैठकीचा आरंभ त्या संध्याकाळपासून आहे.

तिसरा आक्षेप गाण्यांच्या सुकाळाचा. १९५३ साली ‘देवबाप्पा’ चित्रपटात गदिमांचे शब्द, पु. ल. देशपांड्यांची चाल आणि आशा भोसल्यांचा कंठ एकत्र आले आणि मोराचे एक गाणे घराघरांत गेले. सत्तर वर्षे उलटली तरी ते शिळे झाले नाही. पाडगावकर, विंदा, शांताबाई यांनी मुलांसाठी लिहिताना लेखणी खाली आणली नाही. मीना खडीकरांनी मुलांच्या आवाजांसाठी चाली बांधल्या. हे धन आमचे आहे आणि आम्ही ते डोक्यावर घेतो. परंतु आजोबांनी विहीर खणली म्हणून नातवाने पोहरा सोडावयाचा नाही, हा कोणता न्याय? आजच्या मुलाच्या घरात आगगाडीवाला मामा नाही, परसातली विहीर नाही, कदाचित भावंडही नाही. त्याच्या एकटेपणाचे, त्याच्या उद्वाहनाचे, त्याच्या आजीच्या चष्म्याचे गाणे आज कोणी करावयाचे? आमच्या शहरातील कितीएक बालवाड्यांतून मुले लंडनचा पूल कोसळल्याचे गाणे म्हणतात. त्यांनी पंचगंगेवरचा पूल अजून पाहिलेला नसतो. इंग्रजीशी आमचे वैर नाही, तिचेच अन्न आम्ही खातो. लंडनचा पूल खुशाल कोसळावा. परंतु पंचगंगेलाही एखादे गाणे मिळावे, एवढेच मागणे आहे.

शिवाय फोनमधील गाणे मुलासाठी गाते, मुलाबरोबर गात नाही. आई अंगाई म्हणते तेव्हा मूल पेंगू लागले की तिची लय आपोआप उतरते, पापणी पुन्हा उघडली की ती मागची ओळ पुन्हा घेते. यंत्राला पापणी दिसत नाही. गेल्या मे महिन्यात आमची नात पुण्याहून आली. रात्री तिने गाणे मागितले, आणि सवयीने कोणी तरी फोन पुढे केला. आम्ही तो बाजूला ठेवला व आमच्या आईचा पाळणा म्हणू लागलो. अर्धा म्हटला आणि थांबलो. पुढचा अर्धा आठवेना. आई जाऊन अकरा वर्षे झाली, आणि तो कोणी लिहून ठेवलेला नव्हता. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवना’त ओव्या गोळा केल्या, सरोजिनीबाई बाबरांनी लोकगीतांच्या संग्रहात आयुष्य वेचले, म्हणून पुष्कळ वाचले, परंतु प्रत्येक घरातले कोण वाचविणार? पुढल्या बैठकीत आम्ही तो अर्धा पाळणा म्हणून दाखविला. कागलच्या बाईंना तो ठाऊक होता, पण त्यांचा उत्तरार्ध वेगळा निघाला. नावे वेगळी, दागिने वेगळे, चालही थोडी वळलेली. आता नातीस आम्ही तोच म्हणतो. तो आमच्या आईचा नाही, हे प्रत्येक वेळी जाणवते. पण म्हणतो.

२०२४ च्या ऑगस्टात केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा अवघे कोल्हापूर रस्त्यावर येऊन रडले. १९१५ सालची ती वास्तू. रडावे असेच ते होते. परंतु मुलांच्या कंठातून एकेक गाणे विझत जाते तेव्हा धूर दिसत नाही, बंब धावत नाहीत. आम्हांस वाटते, तो जाळ अधिक मोठा आहे.

इतके बोलल्यावर आमच्या पंगतीतील मंडळींचाही कान धरला पाहिजे, नाही तर हा लेख एकतर्फी होईल. बालगीत बदनाम झाले त्यास आम्हीच पुष्कळसे कारण आहोत. दर चौथ्या ओळीला ‘नीट वागा, लवकर उठा’ असा बोधाचा काढा पाजणारे कवी आमच्यांत आहेत. पोरकट आवाज काढला म्हणजे बालगीत झाले असे समजणारे गायक आहेत. चाल सुचली नाही की वाद्यांचा कल्लोळ करणारे संगीतकार आहेत. आणि असे लोक एकत्र जमले की एकमेकांची पाठ थोपटण्याचे मंडळ होण्यास वेळ लागत नाही. म्हणून आमच्या बैठकीस आम्ही दोनच नियम ठेवले आहेत. कवीने आपले गीत स्वतः वाचावयाचे नाही, दुसऱ्याने ते गावयाचे. आणि बैठकीत एक तरी मूल हजर पाहिजे. मूल उठून गेले की तो निकाल. मागच्या महिन्यात आमच्या एका गीताच्या तिसऱ्या ओळीस नात उठली आणि खिडकीतले मांजर पाहावयास गेली. गीत त्याच क्षणी मागे घेण्यात आले. इतका निर्भीड टीकाकार मराठी मासिकांस अद्यापि लाभलेला नाही.

आमच्या मागण्या फार नाहीत. शिक्षकांच्या प्रशिक्षणात स्वतःच्या गळ्याने चार गाणी शिकविता येणे ही अट असावी. प्रत्येक शाळेने आठवड्यातून एक तास यंत्राविना, सर्व मुलांनी मिळून गाण्यास द्यावा. निवड नको, बक्षीस नको. साहित्य संमेलनांनी बालगीतास उद्घाटनापूर्वीचा करमणुकीचा कार्यक्रम न मानता एक पुरती बैठक द्यावी, आणि तीत बालवाडीच्या शिक्षिकेस कवीच्या शेजारी बसवावे. आणि गावोगाव, तालुक्यातालुक्यात, या कामात पडलेल्या लोकांनी एकमेकांस शोधून काढावे. त्यास देणगी लागत नाही. एक पेटी आणि पोह्यांचे ताट पुरते. १९१७ साली ज्या संस्थानाने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्या शाहू महाराजांच्या नगराने तरी यात मागे राहू नये. त्यांनी पोरांस शाळेच्या दारात आणून उभे केले. दाराच्या आत त्यांना काय ऐकू यावे, हे ठरविण्याचे काम आमच्याकडे आले आहे.

राहता राहिले आमचे ते स्नेही. येत्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता त्यांनी आमच्या माडीवर यावे, असे या लेखाच्या द्वारे त्यांस आग्रहाचे निमंत्रण आहे. हसण्यास मनाई नाही. मात्र गावे लागेल. आणि येताना घरातले एक मूल बरोबर आणावे, त्यावाचून प्रवेश नाही.